भरदुपारची रात्र

दुखतंय म्हटलं की लोक विचारतात, ‘कुठे?’ आमच्या वरच्या मजल्यावरच्या गजभिये मॅडम विचारायच्या, ‘कधी?’

त्यांची-माझी पहिली भेट जिन्यात झाली. प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण ती बहुतेक वेळा बंद असते. त्या दिवशी माझी कंबर धरली होती आणि मी कठडा पकडून पुढच्या पायरीचा विचार करत उभा होतो. मागून एक उंच, सावळी, पन्नाशीकडे झुकलेली बाई आली. दोन्ही हातांत पिशव्या, आणि पिशव्यांत काळी पडलेली केळी.

“कंबर का?” त्यांनी विचारलं.

“हो ना.”

“कधी दुखते?”

“आत्ता!” मी जरा खेकसूनच म्हणालो.

“तसं नाही हो भाऊ. सकाळी उठल्या उठल्या जास्त, की संध्याकाळी?”

मी आठवून सांगितलं, सकाळी. “वा!” त्या म्हणाल्या. मी परीक्षेत पास झाल्यासारखा त्यांना आनंद झाला होता. मग केळी घेऊन त्या वर निघूनही गेल्या. ना मलम सांगितलं, ना गोळी. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, वर कोणी विचित्र बाई राहायला आली आहे. बायको म्हणाली, “तुमच्याशी आपणहून बोलली म्हणजे विचित्रच असणार.”

हळूहळू कळलं की मॅडम मेंदूच्या शास्त्रज्ञ आहेत. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत त्यांची प्रयोगशाळा होती. मेंदूचा शास्त्रज्ञ शेजारी राहतो म्हटल्यावर माझी छाती जरा फुगली होती, पण हा मेंदू माशीचा आहे हे कळल्यावर ती पुन्हा बसली. माशीही घरातली नव्हे. केळी पिकली की त्यांच्यावर घिरट्या घालते ना, तिळाएवढी, लाल डोळ्यांची, ती फळमाशी. तिला चटका कोणत्या वेळी जास्त जाणवतो आणि कोणत्या वेळी कमी, यावर मॅडमनी आयुष्याची उमेदीची वर्षं घातली होती. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धोटे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे काही केल्या पटेना. “अख्खं नागपूर माश्या मारून राहिलं,” ते म्हणायचे, “अन् ह्या बाईले माश्या पाळाचा पगार भेटते.” इमारतीत कुठेही माशी दिसली की तक्रार मॅडमच्या नावावर जायची. कचऱ्याची पेटी धोटे काकांच्याच दाराशी होती, ही गोष्ट त्यांच्या लेखी गैरलागू होती.

मॅडमच्या अंगाला नेहमी गूळ आणि यीस्टचा मंद वास यायचा. कपबशीतला चहा गार झाल्याशिवाय त्या तोंडाला लावत नसत, कारण तोवर त्या बोलत असत. एखादी चुकार माशी पदरावर बसून घरी आलीच तर तिला मारायचं नाही, “कोणत्या बाटलीतली आहेस वं तू?” असं तिला विचारायच्या. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे दोन मनगटांवर दोन घड्याळं. डाव्या हातातलं चामड्याच्या तपकिरी पट्ट्याचं, उजव्या हातातलं काळ्या पट्ट्याचं. एकदा जवळून पाहिलं तर दोन्हींत अगदी एकच वेळ.

“मॅडम, मग दोन कशाला?”

“हे आपलं,” त्यांनी डावा हात वर केला. “आणि हे माश्यांचं.”

“पण वेळ तर तीच आहे!”

“नाही ना. आपल्याकडे आता दुपार आहे. त्यांच्याकडे मध्यरात्र.”

मला वाटलं, जास्त शिकल्याने होतं असं काहींचं. मॅडमना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्या म्हणाल्या, चला, दाखवतेच.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक आतली खोली होती. तिथे दिवस-रात्र बरोबर बारा तासांनी उलटे फिरवलेले होते. रात्रभर तिथे दिवे जळत आणि सकाळी आपोआप अंधार होई. मॅडमना माश्यांची रात्र तपासायची होती, पण स्वतःची झोप मोडायची नव्हती. म्हणून त्यांनी माश्यांचीच रात्र भर दुपारी आणून ठेवली होती. हे ऐकून मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. इतका व्यवहारी विचार शास्त्रज्ञ करतात, हे मला माहीत नव्हतं.

खोलीत शिरताना त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला भाऊ. रात्र आहे.” आत एक मिणमिणता लाल दिवा होता. लाल उजेड माश्यांना जवळजवळ दिसतच नाही म्हणे. काचेच्या छोट्या खोक्यात एक माशी, खाली धातूची चकती. चकती हळूहळू तापत गेली, माशीने टुणकन उडी मारली आणि त्याच क्षणी मॅडमनी कळ दाबून चकती गार केली. उडी किती गरमपणाला मारली, एवढंच त्यांना हवं होतं.

“बिचारीला दुखलं ना?” मी कुजबुजलो.

“दुखलं असं मी म्हणत नाही. तिने चटका टाळला, एवढंच म्हणते. तिच्या मनातलं मला काय ठाऊक?”

दुसरा कोणी असता तर ‘हो, दुखलं’ म्हणून मोकळा झाला असता. मॅडमना जेवढं दिसलं, तेवढंच त्या बोलायच्या. त्यांच्या या सवयीचा पुढे त्यांच्या आईला भयंकर राग यायचा.

त्यांची आई म्हणजे माय. अख्खी इमारत त्यांना मायच म्हणायची. बुटक्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या, नऊवारीतल्या. रोज संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावायच्या आणि मग गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायच्या. मी विम्याच्या कचेरीत होतो म्हणून मी ‘विमेवाले भाऊ’. मायला पूर्वी नागीण झाली होती. पुरळ बरं झालं, पण बरगड्यांखाली एक जळजळ मागे राहिली. दिवसा माय आमच्या सगळ्यांपेक्षा ठणठणीत. रात्र झाली की तिथे निखारा ठेवल्यासारखं व्हायचं आणि सकाळपर्यंत त्यांच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

“डाक्टर म्हने, मन गुतवा,” माय एकदा मला सांगत होत्या. “सून म्हने, दिवसा कामात राह्यता म्हनून समजत नाही, रात्री रिकामं राह्यलं का मंग दुखते. पोरगा म्हने, मायचं नाटक आहे. अन् हे माही मास्तरीन, हे बी म्हने, माय मनावर घेऊ नको.” मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि गार चहा एका घोटात संपवला.

“मंग मी हिले इचारलं,” माय म्हणाल्या, “तू येवढी शिकली, मले येवढंच सांग, रात्रीच काहून दुखते वं? हिले सांगता नाही आलं. तं हिनं माश्या पाळल्या!”

आम्ही सगळे हसलो, मॅडमही हसल्या. पण खाली जाताना त्या माझ्यासोबत जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, माणसाला विचारलं की तो सांगतो आणि समोरचा म्हणतो, खोटं बोलतोय. माशीला कोणी खोटं म्हणू शकत नाही. म्हणून माशी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “माय आहे तोवर तिला उत्तर द्यायचंय.” इतकी वर्षं ही बाई कशासाठी राबते आहे, ते मला त्या एका वाक्यात कळलं.

मॅडमना बाटलीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या माश्यांचा भरवसा नव्हता. त्यांना उघड्यावरच्या, नागपूरच्या माश्या हव्या होत्या. त्या कुठे मिळणार? कळमन्याच्या फळबाजारात, संत्र्यांच्या ढिगांवर. मोसमात एका सकाळी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. साडी खराब होऊ नये म्हणून त्यांनी वरून प्रयोगशाळेचा पांढरा कोट चढवला होता आणि इथेच घात झाला. पांढऱ्या कोटातली बाई हातात काचेची नळी घेऊन ढिगांवर वाकून बघते आहे म्हटल्यावर बाजारात एकच धावपळ. ही तपासणीवाली आली! भराभर ताडपत्र्या पडल्या. एक व्यापारी हात जोडून पुढे आला, “मॅडमजी, अपना माल एकदम ताजा. सडेला एक बी नाही.”

“अहो भाऊ, मले सडकंच पाह्यजे!”

“नाहीच आहे नं मॅडम! आईच्यान नाही!”

मॅडम काकुळतीला आल्या, व्यापारी त्यांच्याहून जास्त काकुळतीला आला. शेवटी मी मध्ये पडून सांगितलं, यांना संत्री नकोत, त्यावरच्या माश्या हव्यात. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. “माश्या? अरे मंग घेऊन जा नं फुकट!” पुढच्या पाच मिनिटांत ताडपत्र्या उठल्या आणि ओळीतून हाका सुरू झाल्या, “मॅडम, इकडे या, माह्याकडे जास्त आहेत!” “त्याच्याकडच्या बारीक आहेत, ह्या पाहा!” मॅडम नळीचं एक टोक तोंडात धरून अलगद श्वास ओढत आणि माशी नळीत येई. मध्ये जाळी असते, पोटात जात नाही, असं त्या प्रत्येकाला थांबून समजावत होत्या. परतीच्या वाटेवर माझ्या मागे बसलेल्या मॅडमनी बाटल्या छातीशी धरल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला त्या “हळू, हळू” म्हणत होत्या. माझ्या कंबरेसाठी त्या असं कधी म्हणाल्या नाहीत.

या कळमन्याच्या माश्यांवर त्यांचा सगळ्यात मोठा प्रयोग होता. आधी ठरलेल्या वेळी दिवे लावून-विझवून माश्यांना दिवस-रात्रीची सवय लावायची. मग त्यांना कायमच्या अंधारात ठेवायचं. दिवस नाही, रात्र नाही, आवाज नाही, उद्योग नाही. तरीही त्यांच्या रात्रीच्या वेळी त्यांना चटका जास्त लागला, तर समजायचं की ही वेळ अंगातच असते. मन रिकामं असण्याशी तिचा संबंध नाही.

सवय लावणं सुरू होतं आणि मे महिना आला. नागपूरचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. अशात एका दुपारी मॅडमच्या प्रयोगशाळेच्या मजल्याची सगळी वीजवाहिनीच जळाली. दुरुस्तीला बरेच दिवस लागणार होते. मॅडम ऑटोतून थर्मोकोलचे दोन डबे घेऊन आल्या, चेहरा पांढरा पडलेला. ऊन लागलं तर माश्या मरणार, दिव्यांची वेळ चुकली तर सवय मोडणार. नवीन आणाव्या तर कळमन्यात आता संत्री नव्हती आणि प्रकल्प त्याच उन्हाळ्यात संपत होता. मॅडमच्या घरात फक्त कूलर. इमारतीत एसी दोनच, एक आमच्या बेडरूममध्ये आणि दुसरा धोटे काकांच्या.

माझ्या बायकोने मला न विचारता आमची बेडरूम देऊन टाकली. धोटे काकांकडे जायला मात्र कोणी धजेना. शेवटी मॅडम स्वतः गेल्या. काका दारात उभे राहिले, डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आणा. घरात गुडघ्याचं नाव काढलं का सारे टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही तरी इचारता, कधी दुखते म्हनून.”

मग आमच्या इमारतीत एक विलक्षण पर्व सुरू झालं. माश्यांची रात्र म्हणजे आपला दिवस. म्हणून दिवसभर दोन्ही बेडरूम अंधाऱ्या करायच्या आणि रात्रभर तिथे दिवे ठेवायचे. आम्ही हॉलमध्ये कूलरसमोर, धोटे काका त्यांच्या हॉलमध्ये. आमच्या खोलीवर पहारा कोणाचा, हा प्रश्न मायनी सोडवला. “रात्री मी जागीच आहो. अंधारात जागाचं ते उजेडात जागीन.” ज्या माश्यांना त्या उठता-बसता शिव्या द्यायच्या, त्यांच्या उशाशी माय चटई टाकून बसल्या.

एका रात्री लाइन गेली. आम्हाला हॉलमध्ये उकाड्याने जाग आली, पण आत जाऊन बघायची हिंमत झाली नाही, कारण मायनी दार आतून लावून घेतलं होतं. सकाळी मॅडम आल्या, तेव्हा बायकोने दार उघडायला लावलं. बाटल्यांभोवती ताटल्यांमध्ये मेणबत्त्यांची थोटकं उभी होती. खिडकीला ओला पंचा टांगला होता. बुद्धापुढच्या महिन्याभराच्या मेणबत्त्या मायनी माश्यांचा दिवस मोडू नये म्हणून जाळल्या होत्या.

“बुद्ध रागावणार नाही नं वं?” त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी नुसतं मायचं डोकं पोटाशी धरलं.

धोटे काकांकडे मात्र निराळंच घडलं. त्यांच्याकडे त्या आठवड्यात आमरसाचं जेवण होतं. पाव्हणे बेडरूममध्ये आणि आपण हॉलमध्ये रसपोळी खायची, हे काकांच्या मनाला लागलं. त्यांनी प्रत्येक बाटलीचा कापूस काढला आणि आत चमचा चमचा रस घातला. कापूसही परत नीट बसवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या माश्या रसात चिकटून गेलेल्या.

“उपाशी कसं ठेवाव, म्हटलं,” काका अपराध्यासारखे म्हणाले. “बरं दिसते का ते?”

मी मॅडमकडे बघितलं. आता ही बाई काय बोलते, याचीच मला धास्ती होती. त्यांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली आणि त्या धोटे काकांच्या जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसल्या. “काका, रस उरला असेल तर मलाही वाढा,” त्या म्हणाल्या. जिना चढताना त्यांचे डोळे भरले होते, पण काकांसमोर त्यांनी ते भरू दिले नाहीत. मला काकांचा प्रचंड राग आला होता आणि मॅडमचा त्याहून जास्त अभिमान वाटला होता.

आता सगळी भिस्त मायच्या बाटल्यांवर. त्या दिवसापासून मायनी आमच्या बेडरूममध्ये मलाही शिरू दिलं नाही. माझा चष्मा आत राहिला होता, तो मला दाराच्या फटीतून मिळाला.

दुरुस्ती झाली आणि माश्या परत गेल्या. मॅडमही मग बरेच दिवस दिसल्या नाहीत. एक दिवस संध्याकाळी मी त्यांच्या गॅलरीत मायजवळ बसलो होतो, तेव्हा त्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या आणि चप्पल न काढताच मायसमोर बसल्या.

“माय, झालं.”

“काय झालं वं?”

“सतत अंधारातच ठेवल्या होत्या. काही बदल नाही, काही नाही. तरी त्याईची रात्रीची वेळ झाली का थोड्याशा चटक्यालेच उडी मारतात. दिवसाच्या वेळी तेवढ्याले मारत नाहीत.”

“म्हंजे?”

“म्हंजे घड्याळ अंगातच आहे माय. मन रिकामं राह्यते म्हणून नाही.”

मायनी विचारलं, “माशीले नाटक करता येते का वं?”

“नाही माय. माशी नाटक नाही करत.”

“मंग मी खोटी नोती बोलत.”

“नाही माय. तू खोटी नव्हती.”

मायनी पदराने डोळे पुसले. मी बर्फीच्या डब्याची दोरी उगाच सोडत बसलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

पण मॅडम म्हणजे मॅडम. “हे माश्यांचं आहे हं माय,” त्या लगेच म्हणाल्या. “माणसात अजून पुष्कळ तपासायचं—”

“तू गप राय वं!” माय कडाडल्या. “फोन लाव तुह्या भावाले.” फोन लागला. माय इतक्या मोठ्याने बोलल्या की खाली धोटे काका गॅलरीत आले. “ऐकून राहिला का गा? माश्याईले बी रात्रीच दुखते! सुनेले सांग, बाटलीत बसून राह्यते तरी दुखते! हो, तुह्याच बहिनीनं काढलं!” मॅडम मागून “दुखते नाही माय, चटका, चटका म्हण” असं पुटपुटत होत्या. त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

पुढे एका डॉक्टरांनी मायचं सगळं ऐकून घेऊन गोळीची वेळ बदलून दिली. जळजळ गेली नाही, पण माय अधूनमधून झोपू लागल्या. आणि मॅडमना पुण्याहून बोलावणं आलं. तिथे माणसांच्या दुखण्याच्या वेळा तपासणारे डॉक्टर होते, त्यांच्यासोबत काम करायला. सामान आधीच गेलं होतं. मायलेकी निघाल्या त्या दुपारी आम्ही सगळे खाली जमलो. ऊन नुसतं डोळ्यांत घुसत होतं. टॅक्सीत मागच्या सीटवर माय बसल्या होत्या, मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेला डबा. डब्यात कळमन्याच्या माश्यांची पुढची पिढी. मायच्या मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. मॅडमच्या हातात आता एकच उरलं होतं.

निरोपाचा गोंगाट सुरू झाला. धोटे काका टॅक्सीवाल्याला स्टेशनचा रस्ता ओरडून सांगत होते. बायको पाण्याची बाटली दिली का म्हणून विचारत होती. मी मॅडमना म्हणालो, “कंबर अजून सकाळीच दुखते हो.” त्या म्हणाल्या, “वा!”

तेवढ्यात मायनी काच खाली केली, ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांवर डोळे वटारले.

“हळू बोला नं गा,” त्या म्हणाल्या. “रात्र आहे त्याईची.”

धोटे काकांनी आधी आवाज खाली आणला. मग आम्ही सगळ्यांनीच, आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या भर उन्हात कुजबुजत हात हलवत राहिलो.